रात्रीचं दूध, आईची झोप आणि तीनशे वर्षांची भीती



मागच्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास जाग आली, तर हॉलमधला दिवा लागलेला. सून सोफ्यावर बसून बाळाला पाजत होती. खरं तर पाजता पाजता झोपली होती. मान एका बाजूला कललेली, हात सैल पडलेला आणि सव्वा महिन्याचं बाळ तिच्या मांडीवरून सोफ्याच्या खाचेकडे घसरत चाललेलं. मी बाळाला उचललं तशी ती दचकून उठली.

"अगं, आत पलंगावर आडवी होऊन का नाही पाजत?" मी विचारलं.

"आई, दवाखान्यात सांगितलंय, बाळाला अंथरुणात घ्यायचं नाही. झोपेत त्याच्या अंगावर जाऊ म्हणून. इथे बसलं की झोप लागत नाही."

झोप तर लागलीच होती. त्या रात्री मला प्रश्न पडला की ही भीती आली कुठून? आमच्या आया-आज्या तर बाळाला कुशीत घेऊनच झोपल्या. तेव्हापासून मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती आलं ते आज सांगते.

ही भीती फार जुनी आहे. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतली शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका बाळासाठी दोन आया भांडतात. त्या भांडणाची सुरुवातच अशी आहे की एकीचं बाळ रात्री तिच्या अंगाखाली येऊन दगावलेलं असतं. म्हणजे तेव्हाही बाळं अशी जात होती आणि बोट आईकडेच दाखवलं जात होतं.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात यावर एक उपाय निघाला होता. त्याचं वर्णन १७३२ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याचं नाव आर्कुच्चो. सुमारे तीन फूट लांबीची ही लाकडी चौकट कमानीसारखी असायची. बाळ तिच्या आत निजायचं आणि चौकट आईच्या किंवा दाईच्या अंथरुणातच ठेवायची. वर पांघरूण पडलं तरी ते कमानीवर अडायचं, बाळाच्या तोंडावर येत नसे. मला सगळ्यात आवडलं ते हे की चौकटीच्या बाजूंना खोलगट जागा कापलेल्या असत. आईने कुशीवर वळून तिथूनच बाळाला पाजायचं. टेकायला एक आडवी पट्टीही होती. ज्याने ही वस्तू घडवली त्याला बाळाचं रात्रीचं दूध माहीत होतं! पण त्याच वर्णनात हेही लिहिलंय की दाईने बाळाला आर्कुच्चोत ठेवलं नाही तर तिला धर्मबहिष्काराची शिक्षा होती. उपाय मायेचा होता, पण त्याला धाक जोडलेला होता.

पुढे धाकच उरला. १८९२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात पोलिसांचे डॉक्टर टेम्पलमन यांनी गुदमरून गेलेल्या २५८ बाळांची पाहणी छापली. पुष्कळशा घटना शनिवारी रात्रीच्या होत्या, कारण आठवड्याची मजुरी हातात पडली की दारू व्हायची. एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. टेम्पलमननी दारू, दाटी आणि आईबापांचा निष्काळजीपणा यांना दोष दिला. १९०८ मध्ये ब्रिटनने कायदाच केला: दारूच्या नशेत बाळाजवळ झोपून ते गुदमरलं तर तो गुन्हा. दारूबद्दलचं त्यांचं म्हणणं आजही खरं आहे. पण न पिणाऱ्या, निरोगी, पाजणाऱ्या आईच्या मनातही तेव्हापासून जी भीती बसली ती बसलीच.

मग बाळं वेगळ्या पाळण्यात गेली, तरी मृत्यू थांबले नाहीत. इथे इतिहासाला एक वाईट वळण लागलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या डॉक्टर स्पॉक यांच्या गाजलेल्या पुस्तकाने सांगायला सुरुवात केली की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. पाश्चात्त्य देशांत कितीतरी वर्षं हाच सल्ला चालला. चांगली-चांगली बाळं झोपेत जात राहिली. १९६९ मध्ये या मृत्यूंना 'सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम' असं नावही मिळालं. पुढे २००५ मध्ये संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसलं की पालथं झोपवण्यात धोका आहे हे १९७० पर्यंतच्या आकड्यांवरूनच कळू शकलं असतं. तेव्हा नीट पाहिलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त बाळं वाचली असती, असा त्यांचा हिशेब आहे. त्या आयांनी तर पुस्तकात लिहिलं तसंच केलं होतं.

१९८७ मध्ये नेदरलँड्समध्ये आणि १९९१ मध्ये न्यूझीलंड व ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणं झोपवा' अशी मोहीम निघाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

न्यूझीलंडची पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. १९८७ ते १९९० या काळात तिथे मोठा अभ्यास झाला. पालथं झोपवणं, आईचं धूम्रपान, स्तनपान नसणं आणि बाळाला अंथरुणात घेणं ही जोखमीची कारणं निघाली. पण तिथल्या माओरी समाजात बाळाला जवळ घेऊन झोपणं ही पिढ्यानपिढ्यांची रीत. 'बाळाला दूर ठेवा' हे त्यांना पटेना आणि त्यांच्यातले मृत्यू इतरांइतके घटेनात. तेव्हा डेव्हिड टिपेने-लीच या माओरी डॉक्टरांनी विणकर बायकांना हाताशी धरलं. २००६ च्या सुमारास हाराकेके नावाच्या झुडपाच्या पानांची एक सपाट टोपली विणली गेली. तिचं नाव वहाकुरा. टोपली आईच्या अंथरुणातच ठेवायची, बाळ त्यात उताणं. आई हात पुढे करून बाळाला उचलते, पाजते आणि परत ठेवते. २०११ च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर अशाच प्लास्टिकच्या पेट्या शेकडो घरांत वाटल्या गेल्या. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात वहाकुरा आणि साधा पाळणा यांची तुलना केली, तर वहाकुरात जोखीम वाढलेली दिसली नाही. उलट सहाव्या महिन्यात फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं.

फ्लॉरेन्सचा आर्कुच्चो आणि माओरींचा वहाकुरा यांच्यात पावणेतीनशे वर्षं आहेत. पण दोघांनीही आईला दूर केलं नाही, बाळाची जागा तेवढी सुरक्षित केली.

आज अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या सपाट गादीवर झोपावं. तेच पुढे हेही सांगतात की पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफा किंवा आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा. पाजून झालं, जाग आली, की बाळाला त्याच्या जागी ठेवावं. हे वाचलं आणि मला ती पहाट आठवली. भीतीने माझ्या सुनेला बरोबर सगळ्यात धोक्याच्या जागी नेऊन बसवलं होतं.

आमच्या घरी आता बाळाचा छोटा पलंग सुनेच्या पलंगाला लागून आहे. गादी घट्ट, मध्ये फट नाही. मोहरीची उशी, गोधडी, झोपताना टोपडं, सगळं काढलं. उशी काढताना माझाच जीव वरखाली झाला, कारण ती मीच हौसेने शिवली होती. बंद खोलीतली शेगडीही बंद केली. सून कुशीवर वळून पाजते आणि बाळाला उताणं ठेवते. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, आईने झोप आणणारं औषध घेतलं असेल, बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर बाळाला स्वतःच्या अंथरुणात मुळीच झोपू देऊ नका. जागा वेगळीच हवी. अशा बाळाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आपल्याकडे मुनींच्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलायची, जपून ठेवायची. रात्री तीन वाजता बाळाला उचलून पाजणारी आणि परत नीट ठेवणारी आई पाहिली की मला तेच आठवतं. तिला धाक घालू नका. तिच्या पलंगाशेजारी बाळाची जागा तेवढी नीट करून द्या. तो यत्नाचार सासूलाही करता येतो.