नळी पितळेची, खोट सांध्यात

लहानपणी गावाला गेलं की रात्री परसात जायला टॉर्च लागायचा. गावात त्याला टॉर्च कोणी म्हणत नसे, सरळ 'बॅटरी' म्हणत. ही बॅटरी पहिल्या बटणात लागली असं क्वचितच व्हायचं. मग आजोबा ती तळहातावर दोनदा आपटायचे आणि लख्ख उजेड पडायचा. आपटल्यावर का पडायचा, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. त्याचा नीट विचार केला तो इथे पेनसिल्व्हेनियात आल्यावर, आणि तोही भाच्यामुळे.

तर झालं असं की २०१७ च्या थँक्सगिव्हिंगला भाचा घरी आला होता. इथेच एम.एस. करत होता. जेवणं झाल्यावर मला गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि खिशातून अंगठ्याएवढ्या जाडीची एक पितळी नळी काढली. "मामा, आईला सांगू नकोस. तू इलेक्ट्रिकलवाला ना? मग सांग, नळी तांब्याची घेऊ की पितळेची? ही हल्ली कमी तापते." ती होती ई-सिगरेट, पण दुकानात दिसते तशी नाही. आत एक सेल, खाली बटण, वर तारेचं वेटोळं. सर्किट नाही, फ्यूज नाही, काही नाही. हिला 'मेकॅनिकल मॉड' म्हणतात. तिच्या शौकिनांत कोणता धातू चांगला यावर आपल्याकडे हापूस देवगडचा की रत्नागिरीचा यावर होतात तसे वाद चालत.

या वस्तूचा इतिहास गमतीचा आहे, कारण तो सिगरेटपेक्षा टॉर्चचा जास्त आहे. १८९९ साली डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये हातात धरायच्या नळीच्या दिव्याचं पेटंट मिळालं. कागद-फायबरची नळी, आत कोरडे सेल, टोकाला बल्ब आणि ओबडधोबड पितळी परावर्तक. सेल इतके अशक्त की दिवा सतत लावून ठेवता येत नसे, क्षणभर लावायचा आणि विझवायचा. इंग्रजीतलं 'फ्लॅशलाइट' हे नाव तिथून आलं.

धूर नसलेल्या सिगरेटची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. पिट्सबर्गच्या वायव्येला बीव्हर फॉल्स नावाचं गाव आहे. तिथल्या हर्बर्ट गिल्बर्टला १९६५ साली बॅटरीवर गरम होणाऱ्या, तंबाखू नसलेल्या सिगरेटचं पेटंट मिळालं. पण ती बाजारात कधी आलीच नाही. पुढे २००३ साली चीनमधल्या होन लिक या औषधशास्त्रज्ञाने आजची ई-सिगरेट घडवली आणि तीनचार वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पोचली. ती खऱ्या सिगरेटसारखी बारीक, त्यामुळे तिच्यातला सेलही काडीएवढा. लवकरच मान टाकायचा. मग २००८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या टेड आणि मॅट रॉजर्स यांनी टॉर्चची नळी घेतली, तिच्यात मोठा सेल टाकला आणि बल्बच्या जागी वेटोळं बसवलं. त्याला नाव दिलं 'स्क्रूड्रायव्हर'. म्हणजे मिसेलचा दिवा एकशे नऊ वर्षांनी तोंडात आला!

पण मधल्या काळात सेल बदलला होता. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. या नळ्यांत सर्रास वापरला जाणारा सेल म्हणजे १८६५०: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. टॉर्चचा जुना सेल जास्त प्रवाह मागितला की दमून बसायचा. हा दमत नाही. मागाल तेवढं देतो, आणि देता देता स्वतः पेटतो.

आता भाच्याचा प्रश्न. तांबं की पितळ? तांब्याची वाहकता १०० धरली तर चांदीची १०५ च्या आसपास, सोन्याची ७० पेक्षा थोडी जास्त, अॅल्युमिनियमची ६१, पितळेची २७-२८ आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम २-३. हे आकडे बघून कोणीही तांबंच घेईल. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. दहा सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड भिंतीची नळी पितळेची असेल तर तिचा रोध ओहमच्या वीस हजाराव्या भागाएवढा येतो. तांब्याचा त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. अगदी स्टीलची नळी घेतली तरी अर्धा मिलिओहम, म्हणजे २० अँपिअर प्रवाहाला व्होल्टचा शंभरावा भाग वाया. नळी कशाची आहे, याने जवळजवळ काहीच बिघडत नाही!

मग बिघडतं कुठे? सांध्यात. सेल बटणाला टेकतो तिथे, बटण नळीला, नळीचे आटे टोपीला, टोपीतली पिन वेटोळ्याला. दोन धातू एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात, पण खरे भिडतात ते मोजक्या बारीक टेकड्यांच्या माथ्यांवर. बाकी सगळी फट. हे शास्त्र पक्कं केलं ते रॅग्नर होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने. बर्लिनला सीमेन्समध्ये त्याने आयुष्यातली बरीच वर्षं फक्त 'टेकणं' या एका गोष्टीवर काम केलं. महायुद्धानंतर तो आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या सेंट मेरीज या लहानशा गावी कार्बनच्या कारखान्यात आला. १९४६ साली इंग्रजीत निघालेला त्याचा विद्युत संपर्कांवरचा ग्रंथ या विषयात अजून प्रमाण मानतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सांधा किती चांगला हे धातूइतकंच दाब, धातूचा मऊपणा आणि वरचा थर यांवर ठरतं. तांब्यावर बसणारा थर वीज नीट जाऊ देत नाही. अॅल्युमिनियमवरचा थर तर चक्क इन्सुलेटर. चांदी काळी पडते, पण तो थर मऊ असतो आणि दाबाखाली फाटतो. सोन्यावर थर बसतच नाही, पण ते झिजतं. आजोबा बॅटरी आपटायचे तेव्हा तो थर फुटून दोन टेकड्या नव्याने भिडायच्या, एवढंच.

मी मल्टिमीटर लावला. बटणाजवळचे आटे काळे पडले होते. समजा अशा सांध्यांचा मिळून रोध ०.०५ ओहम झाला. भाच्याचं वेटोळं ०.२ ओहमचं. सेलचा स्वतःचा रोध सोडून दिला तर स्वच्छ नळीत २१ अँपिअर वाहतील आणि वेटोळ्यावर ८८ वॅट तापतील. मळक्या नळीत १६.८ अँपिअर, वेटोळ्यावर ५६ वॅट, आणि सांध्यांतच १४ वॅट जळतील. आपल्या घरातला जुना झिरोचा बल्ब आठवा, नावाला झिरो आणि खायचा १२-१५ वॅट. तेवढी उष्णता बोटाखालच्या बटणात!

"नळी नको बदलूस, हिलाच घास," मी म्हटलं. चिंच नव्हती, म्हणून लिंबू आणि मीठ घेतलं. आंबट पदार्थ तांब्यावरचा थर विरघळवतो, हे माझ्या आजीला होल्मच्या ग्रंथाशिवाय माहीत होतं. (इथले शौकीन टोमॅटो केचप चोपडतात, रसायन तेच.) मग आटे पाण्याने धुऊन खडखडीत कोरडे केले, बटणाची स्प्रिंग नीट बसवली. मोजलं तर रोध कितीतरी उतरला होता. भाचा खूश. मीही खूश, कारण त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अगदी बरोबर दिलं होतं.

मे २०१८ मध्ये फ्लोरिडातली बातमी आली. सेंट पीटर्सबर्गमध्ये एका ३८ वर्षांच्या माणसाच्या हातातली अशीच सर्किट नसलेली नळी फुटली आणि तिचे तुकडे डोक्यात घुसून तो गेला. ई-सिगरेट फुटून अमेरिकेत झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू. त्याआधी सरकारच्या अग्निशमन विभागाने २००९ ते २०१६ या काळातल्या सगळ्या प्रकारच्या ई-सिगरेटच्या १९५ आगी आणि स्फोट मोजले होते, १३३ माणसं जखमी, मृत्यू एकही नाही. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासात दुसरा गेला, २४ वर्षांचा, मानेतली रोहिणी फाटून. जवळजवळ भाच्याच्या वयाचा.

फ्लोरिडाची बातमी वाचली त्या रात्री मी या नळ्यांचा सगळा प्रवास पुन्हा मांडून बघितला आणि घाम फुटला. पहिल्या नळ्यांत बटणाखाली पोलादी स्प्रिंग असायची. तिच्यातून जास्त प्रवाह गेला की ती तापून मऊ व्हायची आणि बसायची, सांधा सुटायचा. काही कारागीर तर मुद्दाम अशी स्प्रिंग सुरक्षा म्हणून घालत. शौकिनांना ती नकोशी झाली, कारण तिच्यात व्होल्ट वाया जायचे. मग स्प्रिंगच्या जागी चुंबक आले. पितळी टोकांच्या जागी चांदीचा मुलामा आला. शेवटी टोपीतली पिनच काढून टाकली, म्हणजे वरच्या भागाची मधली पिन थेट सेलवर टेकेल आणि एक सांधा वाचेल. याला 'हायब्रिड' म्हणत. पण त्या वरच्या भागाची मधली पिन धन आणि बाहेरचे आटे ऋण. पिन केसभर आखूड असली, तर आट्यांची कडही सेलवर टेकते. झालं शॉर्ट सर्किट! शंभरावर अँपिअर, मध्ये फ्यूज नाही, सेल बंद नळीत कोंडलेला, आणि टोपीला आटे घट्ट. सुतळी बॉम्बला सुतळी गुंडाळतात ती कशासाठी, हे आपल्याला दिवाळीपासून माहीत आहे.

म्हणजे वाईट सांधा हा त्या वस्तूचा दोष होता आणि तीच तिची शेवटची राखणही होती. प्रत्येक सुधारणेने थोडा रोध कमी केला आणि थोडी राखण काढून घेतली. त्या गॅरेजमध्ये लिंबू-मिठाने मीही तेच केलं होतं.

मी लगेच भाच्याला फोन लावला. विचारलं, "टोपी कुठली आहे?" तो म्हणाला, "मामा, मार्चमध्ये नवी घेतली, हायब्रिड. सांधा कमी होतो ना, तूच म्हणालास." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सेल बाहेर काढ आणि त्याचा फोटो पाठव. फोटोत सेलचं प्लॅस्टिकचं वेष्टन धन टोकाजवळ फाटलेलं होतं. नळीच्या आतल्या भिंतीपासून उघडा धातू किती दूर होता, ते मी इथे लिहीत नाही.

ती नळी आता माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. भाच्याने ते व्यसनच सोडलं, पण त्याचं श्रेय माझं नाही, त्याच्या बायकोचं आहे. भारतात तर २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद झालं. बनवणं, आणणं, विकणं यांच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी ही नळी घासायला घेईल असं मला वाटत नाही.

पण सांधे तुमच्याही घरात आहेत. इथे अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबं महाग झालं म्हणून लाखो घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या. तारांना काही झालं नाही, स्विच आणि सॉकेटचे स्क्रू मात्र सैल होऊन तापले आणि घरं जळली. नंतरच्या एका सरकारी पाहणीत दिसलं की १९७२ पूर्वीच्या अशा घरांत एखादा तरी सांधा आग लागण्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा ५५ पट होती. तेव्हा हे वाचून झाल्यावर एक करा. गिझरचा थ्री-पिन प्लग काढून बघा. एखादी पिन काळी किंवा सॉकेट तपकिरी झालं असेल, तर आजोबांसारखं आपटून चालणार नाही. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आणि तुमच्या मुलाने, भाच्याने कधी एखादा अगदी तांत्रिक प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी तो कशासाठी विचारतोय तेही विचारा. मी नव्हतं विचारलं.