‘बाहेरून’ एम. ए. : एका शब्दाचा इतिहास

(१) ‘रेग्युलर की बाहेरून?’ अकलूजसारख्या गावात नोकरी वा संसार सांभाळून इंग्रजी साहित्यात एम. ए. करणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर ‘बाहेरून’ असे आले, की ऐकणाऱ्याच्या नजरेत त्या पदवीची किंमत थोडी उतरते. परंतु या ‘बाहेर’ला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो वेगळेच काही सांगतो. #थ्रेड

(२) प्रारंभ मुंबई विद्यापीठापासून करू. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे आदर्श होता लंडन विद्यापीठाचा. आणि त्या काळचे लंडन विद्यापीठ स्वतः काहीच शिकवत नव्हते. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई.

(३) मुंबईतही तेच घडले. अध्यापन महाविद्यालयांत, अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी तेवढी विद्यापीठाकडे. न्या. म. गो. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी. त्या वेळी विद्यापीठाचा स्वतःचा एकही अध्यापन विभाग नव्हता. अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग सुरू होण्यास १९१९ साल उजाडावे लागले.

(४) लंडन विद्यापीठ आणखी एक पाऊल पुढे गेले. १८५८ च्या नव्या सनदेने, वैद्यकासारखे अपवाद वगळता, महाविद्यालयात हजर राहण्याची अटही काढून टाकली. कोठेही अभ्यास करावा आणि परीक्षा द्यावी. १८७८ मध्ये या पदव्या स्त्रियांनाही खुल्या झाल्या. पुढे रॉबेन बेटावरील तुरुंगातून नेल्सन मंडेला यांनी याच विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास केला.

(५) आता विषयाकडे वळू. इंग्रजी साहित्य हा इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत पहिल्यापासून मानाचा विषय असेल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. ऑक्सफर्डमध्ये या विषयाचे स्वतंत्र अभ्यासपीठ १८९४ मध्ये आले, तर केंब्रिजमध्ये स्वतंत्र पदवी परीक्षेसाठी १९१७ ची वाट पाहावी लागली. तेथे प्रतिष्ठा होती ती ग्रीक आणि लॅटिनला.

(६) मग हा विषय वाढला कोठे? १८२८ मध्ये, लंडनच्या नव्याने निघालेल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. कामगारांसाठीच्या संस्थांत. स्त्रियांसाठी भरणाऱ्या व्याख्यानमालांत. ज्यांना ग्रीक-लॅटिनची दारे बंद होती, त्यांच्या हाती इंग्रजी साहित्य देण्यात आले.

(७) आणि तो हिंदुस्थानात वाढला. १८३५ मध्ये बेंटिंकच्या सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने निर्णय घेतला; साहित्याचे ग्रंथ पाठ्यक्रमात आले. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की या विषयाची शैक्षणिक घडण मायदेशाआधी वसाहतीत झाली. त्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू होते, हे विसरता येत नाही. पण विषयच विद्यापीठांच्या मानाच्या दालनात बाहेरून आला, हेही तितकेच खरे.

(८) महाराष्ट्रात घरी राहून पदवी घेण्याचा विचार प्रथम स्त्रियांसाठी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा तेथे होती. उंबरठा ओलांडणे ज्यांना अवघड, त्यांच्यासाठी विद्यापीठाने उंबरठ्याशी यावे, हा त्यामागील विचार.

(९) सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ अंतरच आले. १९४९ पासून पुणे विद्यापीठ, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि स्वतःचे सोलापूर विद्यापीठ थेट २००४ मध्ये. अकलूजहून कोल्हापूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूरही शंभराहून अधिक. ऊस आणि सहकार यांच्या बळावर गावात महाविद्यालय उभे राहिले. तरी विद्यापीठ दूरच होते.

(१०) ज्या १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाले, त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. पुढचे टप्पे असे : ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९, आंध्र प्रदेशाचे १९८२, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’.

(११) लवचीकता म्हणजे नेमके काय? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातील इंग्रजीचे एम. ए. दोन वर्षांचे, पूर्ण करण्यास चार वर्षांपर्यंत मुदत. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. साखर कारखान्यात काम करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा : डिसेंबरात गाळप हंगाम ऐन भरात असतो, जूनमध्ये धुराडे थंड असते. पेपर त्याने जूनमध्ये द्यावेत. ही सवड वर्गातील वेळापत्रक देऊ शकत नाही.

(१२) तोटा नाही, असे कोण म्हणेल? शेक्सपिअर एकट्याने वाचणे आणि जाणत्या शिक्षकासमोर वाचणे यांत अंतर आहे. मतभेद करणारा सहाध्यायी नसतो, ग्रंथालय जवळ नसते. मग मूळ कादंबरी बाजूला राहते आणि गाइड हाती येते. पदवी मिळते, साहित्य निसटते. पण गाइडचा मोह वर्गात बसणाऱ्यालाही सुटलेला नाही.

(१३) कायद्याने प्रश्न आता बराचसा मिटला आहे. २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे नवे विनियम केले. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अट एकच : प्रवेश घेताना ती संस्था आणि तो अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यतायादीत आहे, याची खात्री करून घ्यावी.

(१४) सारांश असा. आपल्या पहिल्या विद्यापीठाकडे साठ वर्षे स्वतःचा वर्ग नव्हता. इंग्रजी साहित्याला त्याच्याच देशातील थोर विद्यापीठांनी उशिरा दार उघडले. दोघांचीही वाढ कामगार, स्त्रिया आणि वसाहतीतील विद्यार्थी यांच्यात झाली. म्हणून दिवसपाळी संपवून नीरेकाठी रात्री मिल्टन उघडणारा विद्यार्थी हा या परंपरेतील उपरा नव्हे. तिचा जुना वारसदार आहे.

(१५) पुन्हा कोणी विचारले, ‘रेग्युलर की बाहेरून?’, तर संकोच नको. विचारायचाच असेल तर प्रश्न दुसरा आहे : मूळ ग्रंथ किती वाचले? त्याचे उत्तर वर्गातल्याने आणि बाहेरच्याने सारख्याच प्रामाणिकपणे द्यायला हवे.

आपल्या घरात वा गावात कोणी असे शिकले असेल, तर त्यांचा अनुभव खाली जरूर लिहा. 🙏 (समाप्त)