वऱ्हाडचा कापूस आणि अग्नीचा बंदोबस्त

दिवाळी उलटली म्हणजे यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद या गावांतील जिनिंगच्या आवारांत कापसाचे ढीग चढू लागतात. त्या शुभ्र राशींकडे पाहून शेतकऱ्याला आपल्या वर्षभराच्या कष्टांचे मोल आठवते. आवाराच्या रखवालदाराला मात्र प्रथम आठवण होते ती अग्नीची. विडीचे एखादे थोटूक किंवा कापसाबरोबर यंत्रात गेलेल्या खिळ्याची ठिणगी एवढे कारण पुरे होते, आणि पाहता पाहता अनेक घरांचे वर्षाचे उत्पन्न राखेस मिळते. ही रखवाली सर्वकाळ डोळ्यांत तेल घालूनच करावयाची, की अग्नीलाच आवर घालील असे एखादे द्रव्य कापसाला देता येईल, हा प्रश्न कोणाच्याही मनात सहज उभा राहतो. या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात चढला तो एकोणिसाव्या शतकात. १८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी धावू लागली; ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ती लोकांच्या ओळखीची झाली. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. कोळशाच्या ठिणग्या उडविणारे इंजिन आणि त्याच्यामागे कापसाचा भार, ही जोडी किती जोखमीची, हे सांगावयास नको.

कापूस इतक्या त्वरेने का पेटतो? त्याचा तंतू जवळजवळ सर्वस्वी सेल्युलोज या द्रव्याचा असतो. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअस उष्णता लागली म्हणजे हे द्रव्य फुटते व त्यातून ज्वालाग्राही वाफा निघतात. आपणांस ज्वाला म्हणून दिसते ती या वाफांची. मोकळ्या कापसात तंतूतंतूंमध्ये हवा भरलेली असल्यामुळे ज्वाला वाऱ्यासारखी पसरते. तोच कापूस दाबून त्याची १७० किलोंची गाठ बांधली, म्हणजे ज्वाला मंदावते. परंतु निखारा गाठीच्या पोटात शिरून तेथे धुमसत राहतो. वरून विझलेली दिसणारी गाठ कित्येक तासांनी, क्वचित काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेते.

आता अग्नीला आवर घालणाऱ्या द्रव्यांकडे वळू. इ. स. पूर्व ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने अथेन्सजवळील पिरीअस बंदराला वेढा घातला असता, शत्रूचा एक लाकडी बुरूज काही केल्या पेटेना. त्या लाकडाला तुरटीचा लेप दिलेला होता, असे रोमन ग्रंथकार नमूद करतो. १७३५ साली ओबादाया वाइल्ड या इंग्रजाने कापड व कागद पेटू नये म्हणून एका मिश्रणाचे पेटंट घेतले. त्यात तुरटी व टाकणखार यांच्या जोडीस हिराकसाच्या जातीचा एक क्षार होता. ही नावे आपल्याकडील काष्ठौषधींच्या दुकानात कोणालाही परकी वाटणार नाहीत. किंबहुना त्या काळी युरोपास मिळणारा टाकणखार बव्हंशी तिबेटच्या सरोवरांतून हिंदुस्थानमार्गेच जात असे.

या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले ते फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्यूसाक याने. नाटकगृहांचे पडदे मेणबत्त्यांच्या व दिव्यांच्या सान्निध्यात वरचेवर पेटत, म्हणून फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या इच्छेवरून त्याने निरनिराळे क्षार कापडावर लावून पाहिले. १८२१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा होता की, अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांच्या द्रावणात बुडवून वाळविलेले कापड ज्वाला धरीत नाही. टाकणखार उष्णतेने वितळून तंतूवर काचेसारखा थर धरतो. फॉस्फेटाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. तापताच त्यातून फॉस्फरिक आम्ल निघते, आणि त्याच्या योगाने सेल्युलोजचे रूपांतर ज्वालाग्राही वाफांत होण्याऐवजी कोळसा व पाणी यांत होते. ज्वालेला तिचे भक्ष्यच मिळत नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हे द्रव्य दुरून पाहावयाचे कारण नाही. पेरणीच्या वेळी तो डीएपी नावाच्या खताचे पोते घरी आणतो. त्यातील मुख्य द्रव्य अमोनियम फॉस्फेटच होय. कपाशीला वाढविणारा व कापसाच्या ज्वालेला आवरणारा क्षार एकाच कुळातला आहे.

तथापि या क्षारांत एक मोठे वैगुण्य होते. एक धुणे झाले की ते पाण्याबरोबर निघून जात. विलायतेत सुती फ्लॅनेलच्या झग्यांनी पेट घेऊन मुले भाजण्याचे प्रकार वारंवार घडू लागले, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी धाकटे पर्किन यांनी कथिलाचे संयुग तंतूच्या आतच बसविण्याची कृती शोधून काढली. ते कापड धुण्यास टिकले, पण महाग पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर फॉस्फरसची अशी संयुगे निघाली की जी तंतूच्या पोटात कायमची घट्ट होतात. आज भट्टीजवळ राबणाऱ्या कामगारांचे सुती पोशाख या रीतीने तयार होतात.

मग जिनिंगमधील रुईलाच हे द्रव्य का देऊ नये? कारण रुईला पुढे सूत व रंग या दोन परीक्षा द्यावयाच्या असतात. क्षार धरलेल्या रुईला गिरणीत भाव मिळणार नाही. म्हणून अग्निरोधक द्रव्याचा संस्कार होतो तो वस्तू तयार होताना वा झाल्यानंतर, पडद्यावर, गादीवर, पोशाखावर. शेतापासून गिरणीपर्यंतच्या वाटेवर कापूस उघडाच असतो.

या उघडेपणाची भीषण साक्ष मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिली. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीस चढविलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी कापसातून धूर निघू लागला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतले. परंतु गाठींच्या पोटातील निखारा हाती लागला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली, त्यांत साठांहून अधिक बंबवाले होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

पाणी गाठीत का शिरत नाही, हे पुढे उमगले. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य त्यात मिसळले तर ते तंतूंत खोल उतरते. अशा ‘ओल्या’ पाण्याचा उपयोग धुमसत्या मालावर करतात. भिंतीवर टांगलेल्या लाल नळकांड्यातील पिवळसर भुकटी पुष्कळदा अमोनियम फॉस्फेटचीच असते. अमेरिकेत वणव्यापुढे विमानांतून जो तांबडा द्रव फेकतात, त्यातही मुख्यतः याच कुळातील क्षार असतात. यवतमाळच्या सागवानी रानात मात्र जुनी जाळरेषाच कामास येते. उन्हाळ्यापूर्वी पट्टा जाळून ठेवला, म्हणजे वणव्याला पुढे खावयास काही उरत नाही.

सर्वच नवी द्रव्ये निर्दोष ठरली असे नाही. ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमिनयुक्त द्रव्य मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरीत. त्यापासून कर्करोगाचा धोका दिसून आल्यामुळे १९७७ साली अमेरिकेने त्यास मनाई केली. ब्रोमिनची आणखी काही संयुगे २००९ साली स्टॉकहोम कराराच्या निषिद्ध सूचीत गेली.

या सर्व द्रव्यांचे देणे एकच आहे, आणि ते म्हणजे अवधी. पडदा पेटण्यास जो थोडा विलंब लागतो, त्यात माणूस दाराबाहेर पडतो. जिनिंगच्या आवारात हा अवधी कोणताही क्षार देत नाही. तो ढिगाढिगांत मोकळी जागा राखून, पाण्याचे हौद भरून ठेवून, यंत्रात जाणाऱ्या कापसातील लोखंड वेचून आणि भाजलेली गाठ इतर मालापासून दूर ठेवून मिळवावा लागतो. रात्री जागणाऱ्या रखवालदाराचे मोल त्यामुळे आजही कमी झालेले नाही.