सातव्या पिढीची वाट

जपानच्या इतिहासांतील सतरावें शतक वर्गांत शिकवूं लागलों म्हणजे तें दोन वाक्यांत आटोपावें असा मोह आम्हांस दरवर्षीं होतो. तोकुगावा राजवटीनें परकीयांस दारें बंद केलीं. 1854 त अमेरिकन आरमाराच्या धाकानें तीं उघडूं लागलीं. झालें! परंतु ह्या दोन वाक्यांच्या मध्यें दोनशें वर्षांहून अधिक काळ जीं माणसें राहिलीं, त्यांच्यांतील एका लहानशा समाजाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ती आपणांस सर्वस्वीं परकी नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

आंजिरो नांवाच्या जपानी गृहस्थाचा बाप्तिस्मा 1548 त गोव्यास झाला, आणि त्याला बरोबर घेऊन सेंट फ्रान्सिस झेवियर 15 ऑगस्ट 1549 रोजीं कागोशिमास उतरले. पुढील पांच तपांत धर्म झपाट्यानें पसरला. तसाच राज्यकर्त्यांचा संशयही वाढला. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं हिदेयोशीच्या हुकुमानें नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांतील गोन्सालो गार्सिया हा आपल्या वसईचा. वसईकडील ख्रिस्ती बांधव त्याचें नांव आदरानें घेतात. आम्हां इतर सुशिक्षितांस मात्र तें बहुधा ठाऊक नसतें, आणि स्पार्टाच्या राजांचीं नांवें पाठ असतात!

1614 त देशभर बंदी आली. 1637-38 चें शिमाबाराचें बंड रक्तांत बुडालें, 1639 त पोर्तुगीज गलबतांस मज्जाव झाला, आणि 1644 च्या सुमारास देशांतील अखेरचा धर्मगुरु मारला गेला. आतां ह्या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कॅथलिक मनुष्याचा सारा धर्मव्यवहार धर्मगुरूच्या हातून चालावयाचा. तो नाहीं तर मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, क्षमेचा उच्चार नाहीं. एक बाप्तिस्मा तेवढा प्रसंगीं सामान्य माणसानेंही दिलेला चालतो. नागासाकीजवळच्या उराकामीच्या शेतकऱ्यांनीं व गोतो बेटांवरच्या कोळ्यांनीं एवढ्या एका धाग्यावर आपला धर्म तोलून धरिला. एकानें पंचांग सांभाळावयाचें, दुसऱ्यानें मुलांना बाप्तिस्मा द्यावयाचा, तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावयाचे. पुस्तकें जवळ बाळगणें जिवावरचें. म्हणून लॅटिन व पोर्तुगीज शब्दांनीं भरलेल्या प्रार्थना पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत चालल्या. कोनाड्यांत मूर्ति असे ती कान्नोनची, म्हणजे कान्हेरीच्या व अजिंठ्याच्या लेण्यांतून आपण पाहतों त्या अवलोकितेश्वराची. कडेवर मूल घेतलेल्या त्या करुणामूर्तीपुढें हीं माणसें मेरीमातेचें स्मरण करीत.

परंतु ह्याहून कठीण गोष्ट दरसाल घडे. नववर्षाच्या आरंभीं नागासाकीकडील रहिवाशांना अधिकाऱ्यांसमक्ष ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. नकार म्हणजे छळ आणि मरण. हे लोक पाय देत. मग घरीं येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. अंतःकरणापासूनचा संपूर्ण पश्चात्ताप असेल तर धर्मगुरूवांचूनही क्षमा मिळते, असें सांगणारें एक छोटें पुस्तक 1603 त निघालें होतें. त्याच्या हस्तलिखित प्रतींनीं ह्या माणसांना तारलें. इतिहासकार हुतात्म्यांवर लट्टू असतात. आम्हीही होतों. तरुणपणीं आम्हांस हा पाय देणारा शेतकरी भित्रा व दुटप्पी वाटे. आज तसें वाटत नाहीं. सव्वीसांची थोरवी कोण नाकारील? पण सर्वांनींच मरण पत्करिलें असतें, तर त्या सव्वीसांची आठवण जपानांत कोणीं ठेविली असती? दरवर्षीं पाप करून दरवर्षीं त्यासाठीं रडावयाचें, आणि मुलालाही तेंच शिकवावयाचें, हें धैर्य वेगळ्या जातीचें आहे इतकेंच.

आणि त्यांना आशा होती. तिला मुदतही होती. बास्तियान नांवाच्या एका धर्मोपदेशकानें मरणापूर्वीं सांगून ठेविलें होतें कीं, सात पिढ्यांनंतर मोठ्या काळ्या जहाजांतून धर्मगुरु येतील आणि मग आपलीं गीतें उघड्यावर गातां येतील. अशी परंपरा होती. आजोबांनीं नातवाला पिढी मोजावयास शिकवावें, असा तो काळ होता.

1859 त नागासाकी बंदर परकीयांस खुलें झालें. तेथें ओउरा येथें फ्रेंच मिशनऱ्यांनीं परदेशी रहिवाशांसाठीं चर्च बांधिलें व तें त्या सव्वीस हुतात्म्यांस अर्पण केलें. 17 मार्च 1865 रोजीं दुपारीं उराकामीचीं कांहीं माणसें दाराशीं आलीं. फादर पेतिजां प्रार्थना करीत असतां एक स्त्री जवळ आली आणि हळूच म्हणाली कीं, आम्हां सर्वांचें मन तुमच्यासारखेंच आहे. पाठोपाठ तिनें विचारलें: सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? सध्यां दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस चालू आहे, तुम्हीही तो पाळतां ना, असेंही त्यांनीं विचारलें. त्या वर्षीं उपवासकाळ 1 मार्चला सुरू झाला होता. हिशेब एका दिवसानेंही चुकला नव्हता.

परंतु भाकिताप्रमाणें गीतें लगेच गातां आलीं नाहींत. बंदी कायम होती. 1867 पासून धरपकड झाली, आणि पुढें उराकामीच्या सुमारें 3,400 लोकांस दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. त्यांतील सहाशेंहून अधिक मेले. 1873 त बंदीचे फलक उतरले, तेव्हां उरलेले परतले व आपल्या गांवीं त्यांनीं पुढें मोठें चर्च उभारलें. तें 9 ऑगस्ट 1945 रोजीं अणुबाँबनें जमीनदोस्त झालें; पुन्हां उभें राहिलें 1959 त.

मात्र सारेच त्या चर्चमध्यें आले नाहींत. कित्येक घराण्यांस नव्या धर्मगुरूंची रीत परकी वाटली. आजोबांची गुप्त रीत हाच त्यांचा धर्म होऊन बसला होता. ज्यांची वाट पाहिली ते आले, आणि हे आपल्या घरीं राहिले. इकित्सुकी बेटावर त्यांच्या वंशजांपैकीं थोडे वृद्ध अजूनही एकत्र बसून त्या जुन्या प्रार्थना म्हणतात. त्यांतील पुष्कळ शब्दांचा अर्थ त्यांस कळत नाहीं.