चौक कुणाचा, नाव कुणाचं?

डहाणू तालुका २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथल्या वारली घरांत लग्न निघालं की सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. धवलेरी गाणं म्हणायची. पुढे भिंत सारवली की चौक गेला. त्याला ना किंमत, ना खाली नाव.

१९७०नंतर भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर चित्रं काढली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत ती लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पीठ तेच, गेरू तोच. पण भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं मात्र मागेच राहिली.

डोंबिवलीच्या स्टॉलवर गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कोणी काढलं?" आमची ताई लाजून म्हणाली, "गटाने."

बायांनो, चौक कुणी लिहिला हे गावाला ठाऊक असायचं, बाजाराला नसतं. म्हणून चित्राखाली आपलं नाव आणि गाव लिहा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि भाव सांगताना नुसता कागदाचा खर्च धरू नका, आपला दिवसही धरा.