पहिली संक्रांत कोठडीत

नांदेडात नाटक, व्याख्यान म्हटलं की कुसुम सभागृह. शंकरराव चव्हाणांच्या पत्नी कुसुमताई यांचं ते नाव. मी इतिहास शिकवायचे तेव्हा शंकररावांबद्दल मुलं धडाधडा सांगत: जायकवाडी, विष्णुपुरी, दोनदा मुख्यमंत्री. कुसुमताई कोण, तर ‘त्यांच्या बायको’. उत्तर तिथंच संपायचं. म्हणून मी दुसऱ्या चव्हाणांच्या घरातली हकिकत सांगायचे, कराडच्या वेणूताईंची.

वेणूताई फलटणच्या मोऱ्यांच्या. २ जून १९४२ ला यशवंतराव चव्हाणांशी लग्न झालं आणि ऑगस्टात ‘चले जाव’ची ठिणगी पडली. नवरा भूमिगत. १४ जानेवारी १९४३, लग्नानंतरची पहिली संक्रांत. नव्या सुनेनं काळी चंद्रकळा नेसून सुगडं पुजायची, ववसायला जायचं, असा तो दिवस. नेमक्या त्याच दिवशी पोलिसांनी वेणूताईंना धरून नेलं. आधी कराड, मग इस्लामपूर. जवळजवळ सहा आठवडे कोठडीत काढले. सुटून आल्या त्या खंगूनच. त्याच सुमारास थोरले दीर ज्ञानोबा शस्त्रक्रियेनंतर गेले. मे महिन्यात आजारी बायकोला बघायला यशवंतराव लपतछपत फलटणला आले आणि पकडले गेले.

पुढं मुंबई झाली, दिल्ली झाली, संरक्षणमंत्र्यांचा बंगला झाला. यशवंतराव परदेशी गेले की वेणूताईंना सविस्तर पत्रं लिहीत. ‘विदेश दर्शन’मध्ये ती छापली आहेत. लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १ जून १९८३ ला त्या गेल्या. दीड वर्षात यशवंतरावही.

वेणूताईंची कोठडी आपल्याला ठाऊक आहे, कारण यशवंतरावांनी ती ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली. आमच्या मराठवाड्यात निजामाविरुद्धचा लढा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चालला. ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट आम्ही तारखेसकट शिकवतो. लढ्यासाठी सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेल्या पुरुषांमागं घर कुणी धरलं, रझाकारांच्या भयानं रातोरात लेकरं घेऊन कोण निघालं, ते शिकवायला आमच्याकडं धडा नाही. हे मला फार लागतं.

उदगीर, निलंगा, भोकर, उमरीकडं तुमच्या घरात नव्वदीची आजी असेल तर वही घेऊन तिच्याजवळ बसा. घरचे कॅम्पात होते तेव्हा चूल कशावर पेटली, दाणे कुणी दिले, विचारा. तिचं नाव, माहेर आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.