एकास बारा

चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेल्या रॅम्पचा, म्हणजे पायऱ्यांऐवजी किंवा पायऱ्यांच्या शेजारी बांधलेल्या उतरत्या वाटेचा, चढ एकास बारापेक्षा तीव्र नसावा, असा दंडक आज भारतासह अनेक देशांच्या बांधकाम-मानकांत आढळतो. एक फूट उंची गाठायची तर उताराला किमान बारा फूट लांबी द्यावी लागते, असा त्याचा अर्थ. ४५ सेंटिमीटर उंचीचे जोते असलेल्या इमारतीपुढे या हिशेबाने ५.४० मीटर जागा मोकळी लागते, आणि जुन्या महाविद्यालयांच्या दर्शनी भागात नेमकी तीच नसते. हा आकडा ज्या घडामोडींतून प्रमाण ठरला, त्यांची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विद्यापीठात झाली.

या युद्धात मज्जारज्जूला इजा झालेले अनेक सैनिक प्रतिजैविकांमुळे प्रथमच दीर्घकाळ जगू लागले, आणि १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलल्यामुळे त्यांच्यापैकी काहींसाठी विद्यापीठाचा मार्ग निदान कागदावर तरी मोकळा झाला. इलिनॉय विद्यापीठाने वाढत्या विद्यार्थिसंख्येसाठी गेल्सबर्ग येथील एका लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत शाखा उघडली होती. रुग्णशय्या आणि ढकलगाड्या फिरवण्यासाठी बांधलेल्या त्या इमारतीत चाकांच्या खुर्चीला अडथळा नव्हता, आणि या योगायोगामुळेच १९४८ मध्ये टिमथी न्यूजंट या तरुण संचालकाच्या हाताखाली अपंग विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम तेथे सुरू होऊ शकला. १९४९ मध्ये राज्याने ती शाखा बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा विद्यार्थ्यांनी राजधानी स्प्रिंगफील्डला जाऊन निदर्शने केली आणि पुढे अर्बाना-शॅम्पेन येथील मुख्य आवारात पायऱ्यांवर लाकडी फळ्या टाकून त्यावरून चाके चढवून दाखवली. विद्यापीठाने अखेर त्यांना घेतले ते प्रयोग म्हणून, आणि या प्रयोगाच्या वाट्याला प्रारंभी लष्करी बराकींसारख्या तात्पुरत्या खोल्याच आल्या.

पुढच्या दशकात मात्र या आवाराचे रूप पालटले. इमारतींना रॅम्प आले, पदपथांच्या कडा उतरत्या झाल्या, खुर्चीसह प्रवाशाला वर उचलून घेणारी यांत्रिक सोय असलेल्या बसगाड्या धावू लागल्या, आणि खुर्चीवरून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचा विद्यापीठीय संघही येथून खेळत असे. या सोयींच्या बदल्यात न्यूजंट यांनी विद्यार्थ्यांकडून कठोर स्वावलंबनाची अपेक्षा ठेवली होती: नवागतांची शारीरिक क्षमता आधीच्या प्रशिक्षण-सप्ताहात पारखली जाई, एकाने दुसऱ्याची खुर्ची ढकलणे निषिद्ध मानले जाई, आणि ज्याला कपडे घालण्यासाठी वा अंथरुणातून उठण्यासाठी मदतनीस लागतो, त्याला या कार्यक्रमात जागाच नव्हती. आजच्या वाचकाला ही शिस्त निष्ठुर वाटेल, आणि काही अंशी ती होतीही. पण जो कार्यक्रम विद्यापीठ केव्हाही गुंडाळू शकत होते, त्याला आपले विद्यार्थी कोणावरही भार नाहीत हे रोज सिद्ध करावे लागत होते, ही बाब न्यूजंट यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

याच आवारात न्यूजंट यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या मोजमापांवर आणि चाचण्यांवर १९६१ चे अमेरिकी राष्ट्रीय मानक आधारलेले होते. अवघ्या सहा पानांच्या त्या दस्तऐवजात रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा अधिक नसावा आणि दरवाजाची मोकळी रुंदी किमान ३२ इंच असावी, असे आकडे दिले होते. त्यात अंध आणि कर्णबधिर व्यक्तींचा विचार अगदीच तुटपुंजा होता, कारण मापे घेतली गेली ती प्रामुख्याने चाकांच्या खुर्चीची. शिवाय हे मानक ऐच्छिक होते, म्हणजे ते पाळणे बांधणाऱ्याच्या मर्जीवर होते. संघराज्याच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या इमारती सुगम असण्याची सक्ती करणारा कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १९६८ मध्ये आला.

दरम्यान इलिनॉयच्या निकषांवर ज्याला प्रवेश मिळालाच नसता, असा एक विद्यार्थी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात दाखल झाला. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी झालेल्या पोलिओने मानेखाली जवळजवळ पूर्णपणे लुळे केले होते, आणि रात्री त्यांना ‘लोखंडी फुप्फुसा’त, म्हणजे हवेचा दाब कमीजास्त करून छातीला श्वास घ्यायला लावणाऱ्या पिंपासारख्या यंत्रात, झोपावे लागे. एवढे अवजड यंत्र पेलणारे वसतिगृह नसल्याने विद्यापीठाच्या आवारातील कॉवेल रुग्णालयात त्यांची राहण्याची व्यवस्था झाली. पुढच्या वर्षी जॉन हेसलर आले, आणि काही वर्षांत त्या रुग्णालयाचा एक मजला अशा विद्यार्थ्यांचे वसतिगृहच बनला. या मंडळींनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवून घेतले. ‘क्वाड’ हे हात आणि पाय दोन्ही निकामी झालेल्या व्यक्तीसाठीच्या वैद्यकीय संज्ञेचे लघुरूप असून, त्याला चाकांची जोड देऊन केलेली ही कोटी त्यांच्या मिश्कीलपणाची साक्ष देते.

१९७० मध्ये संघराज्याच्या अनुदानातून त्यांनी विद्यापीठात जो सेवा-कार्यक्रम उभा केला, त्यात मदतनीस शोधून देणे, भाड्याची सुगम घरे हुडकणे आणि मोडलेल्या खुर्च्या दुरुस्त करणे ही कामे होती, आणि ती चालवणाऱ्यांत अपंग व्यक्ती प्रमुख होत्या. आवाराबाहेरची माणसेही मदत मागू लागल्यावर १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेन्डंट लिव्हिंग’ ही स्वतंत्र संस्था निघाली. सपाट माळरानावरच्या अर्बानात स्वावलंबी तो, जो दुसऱ्याच्या हाताशिवाय वर्गात पोहोचतो. टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या बर्कलीत स्वावलंबी तो ठरला, ज्याला कपडे दुसरा घालतो, पण कोणते आणि केव्हा हे तो स्वतः सांगतो, आणि मदतनीस नेमण्याचा व काढण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. अपंगत्वाच्या इतिहासातील हा अर्थबदल कोणत्याही रॅम्पपेक्षा मोठा आहे. ज्या राज्य पुनर्वसन विभागाने रॉबर्ट्स यांना नोकरी करण्यास असमर्थ ठरवले होते, त्याच विभागाचे संचालकपद १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्याकडे आले. इलिनॉयनेही १९८० च्या दशकात मदतनीस लागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले.

भारतात या दोन परंपरांपैकी मोजमापांची परंपरा आधी रुजली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सार्वजनिक इमारतींत रॅम्प बांधण्याची तरतूद केली खरी, परंतु ‘आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ अशी पुस्तीही तिला जोडली, आणि ही पुस्ती पळवाट म्हणून किती सोयीची होती हे सांगायला नको. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती पुस्ती वगळली, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या, आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेल्या दृष्टिहीनांच्या संसाधन केंद्रासारखे प्रयत्न मात्र कायद्याची वाट न पाहता उभे राहिले होते, आणि तेथे प्रश्न पायऱ्यांचा नसून पाठ्यपुस्तक वाचता येईल अशा रूपात मिळण्याचा होता.

२०१६ च्या कायद्याखालील २०१७ च्या नियमांपैकी १५ व्या नियमाने केंद्राची सुगमता-मानके स्वीकारली. एकास बारा हे प्रमाण त्यांतलेच. नियमाची भाषा सक्तीची आहे की शिफारशीची, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि हैदराबादच्या नॅल्सार विधी विद्यापीठातील अपंगत्व-अध्ययन केंद्राचा अहवाल विचारात घेऊन न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, मूळ कायदा सक्ती सांगत असताना १५ व्या नियमाचे पहिले पोटकलम केवळ मार्गदर्शक तत्त्वे पुरवते आणि म्हणून ते कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे नियम तीन महिन्यांत निश्चित करण्याचे निर्देश केंद्र सरकारला देण्यात आले.